चीजचा तमाशा मांडायचाय: ताणणारे, फसफसणारे, पेटणारे मेक्सिकन थाटाचे पदार्थ

मोरपिसारा

नमस्कार मंडळी,

पुढच्या शनिवारी घरी बारा जण जेवायला आहेत, त्यातली चार मुलं. बेत मेक्सिकन ठरवलाय, आणि तोही असा की पदार्थ टेबलावर आला की सगळ्यांनी बोलणं थांबवून बघत राहावं. चीजच्या तारा हातभर निघायला हव्यात, काहीतरी फसफसत यायला हवं, जमलं तर काहीतरी पेटायलाही हवं.

आता कबुलीजबाब. मागच्या वेळी नाचोज केले होते. मोठ्या ट्रेमध्ये चिप्सचा डोंगर, त्यावर सॉस, त्यावर पाऊण किलो किसलेलं चीज. ओव्हनमधून काढला तेव्हा काय देखणा दिसत होता! पाहुणे हात धुऊन, खुर्च्या सरकवून बसेपर्यंत दहा मिनिटं गेली. पहिल्याने वरची एक चिप उचलली तर अख्खं छप्परच उचललं गेलं. खाली अर्ध्या चिप्स कोरड्या, अर्ध्या भिजलेल्या. दुसऱ्याने सुरी मागितली. नाचोजला सुरी!

एवढं चीज घालूनही कष्टाचं काही चीज झालं नाही. तर सांगा, कुठला पदार्थ करू, कुठलं चीज घेऊ आणि आधी करून काय ठेवता येईल? दोघं शाकाहारी आहेत. मुलांसाठी एक तरी पदार्थ बिनतिखट हवा.

बाराखडी

"नाचोजला सुरी" वाचून फुटले :)
माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, पण धागा सोडत नाही. खुर्ची पकडून बसलेय.

उकळता_चहा

मोरपिसारा, तुमचा डोंगर मुळात नाचोजच्या घराण्यातला नव्हताच.

नाचोज जन्मले मेक्सिकोच्या कोआविला राज्यात, पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावी. नदीच्या पलीकडे टेक्सासमधलं ईगल पास. 1940च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या व्हिक्टरी क्लबमध्ये पलीकडून काही अमेरिकन बायका आल्या. खायला काहीतरी द्या म्हणाल्या, आणि नेमका आचारी जागेवर नाही. मग इग्नासिओ अनाया या तिथल्या व्यवस्थापकाने स्वतःच मुदपाकखान्यात शिरून हाताला लागेल ते एकत्र केलं: तळलेल्या तोर्तियाचे (मेक्सिकन पोळीचे) त्रिकोण, त्यावर चीज, त्यावर मुरवलेल्या हालापेन्यो मिरचीची चकती. थोडा वेळ गरम केलं आणि पाठवलं बाहेर. इग्नासिओचं लाडाचं नाव 'नाचो'. म्हणून हे 'नाचोचे स्पेशल'.

यात तुमच्या कामाची गोष्ट अशी की प्रत्येक त्रिकोणाला स्वतःचं चीज होतं, स्वतःची मिरची होती. सगळे सुटे, एका थरात. वरून चीज ओतलेला ढिगारा ही नंतरची करामत. सुटे मांडा, सुरी लागणार नाही.

मोरपिसारा

वा, हे ठाऊकच नव्हतं. पण चहाभाऊ, एका थरात मांडलेल्या चिप्स बघून कोण बोलायचं थांबणार?

तिरकी_रेघ

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. हा सगळा प्रकार मला पोरखेळ वाटतो. मेक्सिकन जेवण म्हणजे चीजचा पूर नव्हे. मका, राजमा, मिरची, टोमॅटो यांवर उभं असलेलं हजारो वर्षांचं जेवण आहे ते. 2010मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला वारशाच्या यादीत घेतलं, ते तारा ताणून दाखवण्यासाठी नाही घेतलं. पिवळं चीज बदाबदा ओतलं की ते टेक्सासचं होतं, मेक्सिकोचं राहत नाही.

दूरदेशी

रेघदादा, अर्धं मान्य, अर्धं नाही. मी कामानिमित्त मेक्सिको सिटीत तीन वर्षं होते, त्यामुळे जरा लांबण लावते.

मान्य ते हे की गायी आणि चीज दोन्ही स्पॅनिश लोकांबरोबर आले, सोळाव्या शतकात. त्याआधी चीज नव्हतंच. पण आल्यावर मेक्सिकोने ते असं काही आपलंसं केलं की विचारू नका. चिवावा राज्यातलं वितळायला उत्तम चीज बनवलं कोणी, तर 1920च्या दशकात कॅनडातून येऊन वसलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी. तिथे त्याला 'केसो मेनोनिता'च म्हणतात ('केसो' म्हणजे स्पॅनिशमध्ये चीज). युकातानमध्ये तर अख्खा एडाम चीजचा गोळा पोखरतात, आत खिमा, ऑलिव्ह, मनुका भरतात, वाफवतात आणि वरून पांढरा व लाल असे दोन रस्से घालतात. केसो रेयेनो. डच चीज, माया लोकांचा मुलूख. आता हे कोणाचं म्हणायचं?

आणि तमाशा म्हणाल तर मेक्सिको सिटीतल्या ताकेरियांइतका (टाकोंच्या खानावळींइतका) चीजचा तमाशा मी कुठे पाहिला नाही. रात्री अकराला बसलात की शेजारच्या टेबलावर 'चिचारोन दे केसो' येतो. चीजचाच कुरकुरीत पत्रा, चटईसारखा गुंडाळलेला, माणसाच्या हाताएवढा लांब. मधोमध ठेवायचा आणि सगळ्यांनी चहूबाजूंनी मोडायचा. ना पीठ, ना तेल, नुसतं चीज.

दुसरा 'कोस्त्रा'. तापलेल्या पत्र्यावर मूठभर चीज टाकतात, ते पसरून खालून खरपूस झालं की त्यावर मांस किंवा मशरूम, मग उलथन्याने गुंडाळी, आणि ती गुंडाळी तोर्तियात. तिसरा 'बोल्कान', म्हणजे ज्वालामुखी: कडक भाजलेली मक्याची तोर्तिया, तिच्यावरून चीज कडांकडे ओघळलेलं. हे सगळं तिथे रोजचं आहे, पर्यटकांसाठी मांडलेलं नाही.

अवांतर: मेक्सिको सिटीत केसादिया मागितली तर विचारतात, "चीज घालून?" मी पहिल्यांदा चक्रावले होते. नावातच चीज आहे ना! पण तिथे केसादिया म्हणजे घडी घातलेली, आत काहीतरी भरलेली तोर्तिया. चीज हवं तर सांगायचं. बाकी देश या एका मुद्द्यावर राजधानीची यथेच्छ टिंगल करतो.

बाराखडी

बिनचीजची केसादिया!! आता झोप लागायची नाही मला.
आणि चिचारोन दे केसोचं नुसतं वर्णन वाचून तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं).

तिरकी_रेघ

केसो रेयेनोच्या बाबतीत तलवार म्यान. नाचोजवर पंपातून येणाऱ्या केशरी चीज-सॉसच्या बाबतीत नाही.

काचेची_बरणी

त्या केशरी सॉसचं मी वकीलपत्र घेते :) माझं रोजचं काम प्रथिनांशी आहे, त्यामुळे चीजच्या वागण्याबद्दल दोन शब्द. मोरपिसाराचं गेल्या वेळचं छप्पर का तयार झालं, ते यात आहे.

चीज म्हणजे केसीन नावाच्या प्रथिनाचं जाळं, जाळ्याच्या घरांत अडकलेली चरबी आणि पाणी. जाळ्याच्या गाठी कॅल्शियमने मारलेल्या. तापवलं की आधी चरबी पातळ होते, साधारण 32 अंशांनाच. जाळं सैल पडतं त्याच्या बरंच वर, चीजच्या जातीप्रमाणे 55 ते 80 अंशांच्या दरम्यान. तेव्हा ते वाहतं, ताणलं जातं. याहून जास्त वेळ किंवा जास्त आच दिली की जाळं आकसतं आणि पाणी, चरबी बाहेर पिळून टाकतं. वर तेलाचं तळं, खाली रबर. आणि गार होताना जाळं पुन्हा घट्ट बसतं. तुमच्या ट्रेमध्ये दहा मिनिटांत तेच झालं.

कुठलं चीज ताणतं हे बरंचसं आंबटपणावर आहे. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) 5 ते 5.4च्या आसपास असलेलं चीज छान वाहतं. फार कमी आंबट चीज वितळत नाही, फार आंबट असलं तरी नाही. म्हणून मेक्सिकोचंच केसो फ्रेस्को किंवा पनेला कितीही तापवा, मऊ होईल पण आकार सोडणार नाही. कोतिखा हे तर वरून भुरभुरायचं चीज. नावात मेक्सिको आहे म्हणून ही तारांसाठी आणू नका, फसाल. तारांसाठी वाहाका चीज. ते दह्यासारख्या घट्ट गोळ्याला गरम पाण्यात ताणून ताणूनच करतात आणि पट्टीचा सुतळीच्या गुंड्यासारखा गोळा वळतात, म्हणून त्याचे तंतू एकाच दिशेने असतात. ते मिळालं नाही तर कमी ओलाव्याचं मोझरेला. पाण्यात बुडवलेलं ताजं मोझरेला नको, ते पाणी सोडतं. त्यात चवीसाठी थोडं माँटेरे जॅक किंवा कोवळं चेडर. फार मुरलेलं चेडर एकट्याने वापरलंत तर तेल सुटेल, कारण मुरताना जाळ्याचे तुकडे पडलेले असतात.

आयतं किसलेलं पाकीट घेऊ नका. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्याला पीठ किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्याने वितळताना दाणेदारपणा येतो.

आता पंपवाला सॉस. 1976मध्ये टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या बेसबॉल मैदानावर फ्रँक लिबेर्तो यांनी तो विकायला आणला. रांग लांब, वेळ कमी, चीज वितळवत बसायला सवड नाही. त्याच्या मागचं विज्ञान म्हणजे चीजच्या गाठींमधलं कॅल्शियम काढून तिथे सोडियम बसवणं. गाठी सुटतात, प्रथिनं चरबीला धरून ठेवतात, तेल सुटत नाही, आणि गार झालं तरी रबर होत नाही. घरी हेच काम सोडियम सायट्रेट, म्हणजे सायट्रिक आम्लाचा सोडियम क्षार, करतो. पाव लिटर दुधात 10 ग्रॅम विरघळवा, मंद आचेवर कोमट झालं की 280 ग्रॅम किसलेलं चेडर मूठमूठ घालत ढवळा. रेशमासारखा सॉस होतो, आदल्या दिवशी करून ठेवता येतो, पुन्हा गरम केला तरी फाटत नाही.

आणि गंमत ऐका. सोडियम सायट्रेटचं रासायनिक सूत्र लिहिताना मूलद्रव्यं अशी येतात: एनए, सी, एच, ओ. आकडे काढून सलग वाचा. नाचो! माझी शपथ, मी जुळवलेलं नाही.

उकळता_चहा

साष्टांग दंडवत! ही गोष्ट मी आयुष्यभर लोकांना पकडून पकडून सांगणार आहे.

मोरपिसारा

बरणीताई, वहीत उतरवून घेतलं. म्हणजे डोंगर करायचाच असेल तर किसलेलं चीज नको, हा सॉस, बरोबर?

काचेची_बरणी

अगदी. डोंगराच्या पोटात किसलेल्या चीजला आच पोचत नाही. सॉस वाहत वाहत स्वतःच पोचतो. पण एक प्रामाणिक सूचना: सॉसला तारा सुटत नाहीत. ताणणारं आणि वाहणारं ही दोन वेगळी चीजं आहेत, एका पदार्थात दोन्ही मागू नका.

वाटाड्या

मग डब्याची युक्ती करा. मोठा, दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा किंवा केकचं उंच कडं ताटात उभं ठेवा. आत चिप्स, सॉस, शिजवून घोटलेला राजमा, पुन्हा चिप्स, असे थर गच्च न दाबता भरा. टेबलावर नेऊन सगळ्यांसमोर डबा सरळ वर उचला. मनोरा क्षणभर उभा राहतो आणि मग कडेकडेने ढासळतो. मुलं किंचाळतात. अमेरिकन आचारी गाय फिएरी यांनी हा प्रकार गाजवला.

पत्र्याच्या कडा बोथट आहेत ना ते आधी बघा. टोमॅटोचे तुकडे थरांत घालू नका, पाणी सुटतं. ते वरून.

आणि पेटवायचं असेल तर माझ्याकडे या, त्यात मी भाजून शहाणा झालोय. शब्दशः.

बाराखडी

वाटाड्यादादा, सांगाच.

वाटाड्या

उत्तर मेक्सिकोत 'केसो फुंदिदो' करतात: कासुएला या पसरट मातीच्या भांड्यात वितळवलेलं चीज, वर चोरिसो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) किंवा भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या किंवा मशरूम. हेच टेबलावर आणून दारू ओतून पेटवलं की 'केसो फ्लामेआदो'. निळी ज्योत वितळलेल्या चीजवरून फिरते, दिवे मालवलेले असले तर डोळ्यांचं पारणं फिटतं.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा बाटलीतूनच टकिला ओतली. वरून एक्झॉस्ट पंखा चालू. ज्योत वर गेली, पंख्याकडे खेचली गेली, मी बाटली मागे घेता घेता पुढे वाकलो. उजवी भुवई गेली. महिनाभर प्रत्येक मीटिंगमध्ये मी कायम काहीतरी आश्चर्य वाटल्यासारखा दिसत होतो.

तर बाटलीतून कधीही नाही. वाटीत 30 मिली, एवढीच, काढून घ्यायची आणि बाटली दुसऱ्या खोलीत. 40 टक्के अल्कोहोलच्या दारूची वाफ सव्वीसेक अंशांनाच पेट घेते, म्हणून ती किंचित कोमट केली की पुरे, उकळायची नाही. आणि कोमट करायची ती वाटी गरम पाण्यात ठेवून, आचेवर नव्हे. पंखे बंद, मुलं हातभर नव्हे दोन हात लांब, केस बांधलेले, कागदी पताका नाहीत. लांब दांड्याचा लायटर. शेजारी त्या भांड्यावर घट्ट बसेल असं धातूचं झाकण. काही बिनसलं तर पाणी ओतायचं नाही, झाकण ठेवायचं. आणि भांडं लाकडी पाटावर, टेबलक्लॉथवर नाही.

दारू सगळी जळून जाते हा गैरसमज. बरीच उरते. त्यामुळे पेटवलेलं भांडं मोठ्यांचं, मुलांना वेगळं.

तिरकी_रेघ

पोरखेळ म्हणालो होतो, हा तर थोरांचा खेळ निघाला.

मोरपिसारा

भुवईची गोष्ट घरात वाचून दाखवली आणि 'पेटवणे' बहुमताने नामंजूर झालं :( केसो फुंदिदो न पेटवता करीन. प्रमाण कोण सांगेल? आणि दूरदेशीताई, तो चीजचा पत्रा घरच्या गॅसवर होतो का?

दूरदेशी

होतो, आणि न चिकटणारा तवा असेल तर पहिल्याच दिवशी होतो. मी डझनावारी बिघडवून शिकले, म्हणून नीट सांगते.

25 सेंटिमीटरचा सपाट तवा, मध्यम आच. तेल नाही. 120 ग्रॅम किसलेलं चीज कडेपर्यंत एकसारखं पसरा, मधे ढीग नको. चिवावा मिळालं तर सोनं. नाहीतर गौडा, किंवा मोझरेला आणि मुरलेलं चेडर निम्मं निम्मं. नुसत्या मोझरेलाचा पत्रा चिवट होतो.

आता ढवळू नका, हलवू नका, फक्त ऐका. आधी जोरात चुरचुर होते. ते चीजमधलं पाणी उडतंय. पृष्ठभागावर बुडबुडे येतात, चरबी सुटून कडेने चमकायला लागते. तीन-चार मिनिटांनी आवाज एकदम खाली येतो, जणू कोणी बोलता बोलता थांबलं. पाणी संपलं. इथून पुढे फार तर अर्धं मिनिट तुमच्या हातात आहे. कड कोरडी, मधाच्या रंगाची, मधला भाग जाळीदार आणि त्याहून फिकट, हे बघा. कड तपकिरी व्हायला लागली तर उशीर झाला, कडू लागणार.

आच बंद. पातळ उलथनं कडेखालून चारी बाजूंनी फिरवा. वीस सेकंद थांबा. आत्ताच उचललंत तर फाटेल, कारण अजून ते वितळलेलंच आहे. मग लाटणं एका कडेवर ठेवून पत्रा त्याभोवती सैल गुंडाळा. लाटण्याला आधी बेकिंग पेपर लपेटलेला असू द्या. मिनिटभरात कडक होतो, लाटणं ओढून घ्यायचं. उभा ठेवला तर बुरूज, आडवा ठेवला तर बोगदा. उपड्या वाडग्यावर घातला तर वाडगा होतो, त्यात सालसा (टोमॅटो-मिरचीची चटणी) भरता येतो.

मेख एकच. तो हवेतला ओलावा ओढतो आणि तासाभरात मऊ पडतो. आधी करून ठेवायचं नाही. पण चीज किसून, 120 ग्रॅमच्या वाट्या भरून ठेवता येतात. सालसा, ग्वाकामोले (अव्होकॅडोची चटणी) तयार ठेवा आणि पाहुणे बसल्यावर तवा चढवा. बघायला स्वयंपाकघरात येऊ द्या, तोच तर खेळ आहे.

काचेची_बरणी

तो आवाज थांबण्याचा मुद्दा फार बरोबर आहे. पाणी आहे तोवर चीजचं तापमान शंभराच्या आसपास अडकून राहतं. ते संपलं की भराभर चढतं आणि तेव्हाच रंग येतो.

केसो फुंदिदोचं प्रमाण मी देते. सहा जणांना 400 ग्रॅम चीज: दोन भाग वाहाका किंवा मोझरेला, एक भाग जॅक. फ्रिजमधून तासभर आधी काढा. एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर चोळा. पिठाचे कण प्रथिनांच्या मधे येतात, त्यामुळे जाळं आकसून तेल सोडत नाही. मातीचं भांडं किंवा बिडाचा तवा 200 अंशांच्या ओव्हनमध्ये आधी दहा मिनिटं नुसताच तापवा (मातीचं भांडं मात्र थंड ओव्हनमध्येच ठेवून तापवायचं, नाहीतर तडकेल), मग त्यात चीज, वर परतून पाणी आटवलेले मशरूम, आणि पुन्हा 8 ते 10 मिनिटं. कडेने बुडबुडे आले की बाहेर. तपकिरी ठिपक्यांची वाट बघत बसू नका. भांडं जड असेल तर टेबलावर दहा मिनिटं तरी तारा निघतात. तोर्तिया गरम, फडक्यात गुंडाळलेल्या, आधीच टेबलावर. भांडं त्यांच्यामागून आलं पाहिजे, त्यांच्या आधी नाही.

बारा जणांना 800 ग्रॅम एकाच भांड्यात घालू नका. दोन भांडी, दुसरं पंधरा मिनिटांनी.

बाराखडी

शाकाहारी पाहुण्यांसाठी पाकिटावर रेनेट (दूध घट्ट करून चीज बनवायचं विरजण) बघायला विसरू नका. काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं असतं, काहींत सूक्ष्मजीवांपासून केलेलं. (बघा, मीही काहीतरी उपयोगाचं बोलले.)

मुलांसाठी मोयेतेस? पाव आडवा चिरून, आतला मऊ गर थोडा काढून, शिजवून घोटलेल्या राजम्याचा थर, वर चीज, पाच मिनिटं ओव्हन. मेक्सिकोत सकाळच्या न्याहारीला खातात असं वाचलंय.

दूरदेशी

खातात, आणि शाळा-कॉलेजांच्या कँटीनमध्ये तर हमखास. छान सुचवलंस.

मुलांना हातात काम द्यायचं असेल तर केसादियांचं फूल करा. हे मेक्सिकन नाही, इंटरनेटवर फिरलेली करामत आहे, पण मुलांना त्याचं काय! मैद्याच्या तोर्तिया मधोमध कापून प्रत्येक अर्धुकाचा चीज भरून शंकू करायचा. ट्रेच्या मधे वाडगा, त्याभोवती शंकू टोकं आत करून गोल लावायचे, वर किसलेलं चीज, मग दुसरा थर, मग तिसरा. 190 अंशांवर वीसेक मिनिटं. वाडगा काढून त्या जागी सालसाची वाटी. एकेक शंकू ओढला की शेजारच्याशी तारा ताणल्या जातात. शंकू मुलांना करू द्या, वाकडे झाले तर झाले.

उकळता_चहा

कोणी मोल्काहेतेबद्दल बोललंच नाही. ज्वालामुखीच्या दगडाचा तीन पायांचा खल. तो तापवून त्यात उकळता सालसा, मांस, निवडुंगाची पानं, चीजचे तुकडे घालून आणतात, टेबलावर आल्यावरही उकळत असतो. "काहीतरी फसफसत यायला हवं" याचं खरं उत्तर ते.

वाटाड्या

पण नवशिक्यांनी शनिवारी नको. दगड पूर्ण कोरडा हवा, थंड ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू तापवावा लागतो, ओल राहिली तर तडकतो. बाजारात सिमेंटचे नकलीही असतात, ते तर अन्नासाठी वापरूच नयेत. आणि काही किलोंचा धगधगता दगड मुलांच्या डोक्यावरून कोण नेणार? माझी दुसरी भुवई अजून शाबूत आहे.

मोरपिसारा

ठरलं. मोयेतेस आणि केसादियांचं फूल मुलांना, दोन भांडी केसो फुंदिदो मशरूमचं, मधे चीजचे पत्रे. नाचोज एका थरात, प्रत्येकाला आपापली मिरची. डब्याचा मनोरा फक्त सॉस नीट जमला तर. रविवारी वृत्तांत देते.

बाराखडी

फोटू हवेत. फोटूशिवाय पाककृती फाऊल.

मोरपिसारा

वृत्तांत.

सॉस जमला. मनोरा दोन सेकंदही उभा राहिला नाही, मी डबा तिरका उचलला. पण ढासळतानाच सगळे ओरडले, त्यामुळे तो तसाच ढासळायचा असतो असं मी तोंड वर करून सांगितलं.

पहिला चीजचा पत्रा फाटला. आवाज थांबला आणि मी घाईने लगेच उलथनं घातलं. दूरदेशीताईंचे वीस सेकंद मी सात केले होते. दुसरा बरा. तिसरा लाटण्यावरून सुटला तो इतका नीट की मी ताटात उभाच केला. धाकट्याने त्यात कोपरापर्यंत हात घातला, मग त्याला तो काढता येईना, मग त्याच्या बहिणीने तो हातावरूनच खायला सुरुवात केली. चौथ्यापासून मुलं तव्याशेजारी कान लावून उभी होती, "थांबला! थांबला!" करत. नाचोज बिचारे शिष्टासारखे एका थरात बसले होते, तेही संपले.

केसो फुंदिदोचं पहिलं भांडं आणलं तेव्हा तोर्तिया अजून तव्यावर होत्या. हो, तेवढं एक सांगूनही चुकलं. दुसऱ्या भांड्याला नाही चुकलं. तार खुर्चीवर उभं राहून मोजली.

फोटो नाहीत. दोन्ही हात चिकट होते. फाऊल मान्य.

एक शंका: मातीच्या भांड्याला चीज घट्ट चिकटलंय, गरम पाणी घालून ठेवलं तर आणखीच दोरे झाले. काय करू?

काचेची_बरणी

गरम पाणी ओतून टाका, गार घाला आणि रात्रभर ठेवा. चीज घट्ट होऊन तुकड्यांनी सुटतं.

पण दुसऱ्या भांड्यात अजून पाणी घातलं नसेल तर थांबा. कडेला तपकिरी खरपूस पापुद्रा लागलाय ना, तो चमच्याने खरवडून आधी खाऊन घ्या. भांडं घासणाऱ्याचा तो हक्क आहे.

मोरपिसारा

तो काल रात्रीच खाल्ला, ओट्याशी उभ्या उभ्या, दिवा न लावता.